वेरूळ-अजिंठ्याच्या सहलीत साध्या डिजिटल कॅमेऱ्याने चांगली छायाचित्रे कशी काढावीत?

माझ्या मते कॅमेऱ्याच्या किमतीपेक्षा उजेडाची वेळ अधिक महत्त्वाची असते. वेरूळच्या लेण्यांची तोंडे पश्चिमेकडे असल्यामुळे सकाळी दर्शनी भाग सावलीत राहतो, तर दुपारनंतर तिरपे ऊन आत शिरून 16 क्रमांकाच्या कैलास लेण्यातील शिल्पांना उठाव देते; म्हणून सकाळी दौलताबादचा किल्ला उरकून दुपारी वेरूळ गाठावे, मात्र मंगळवारी लेणी बंद असतात हे लक्षात ठेवावे. कैलासाची भव्यता कळण्यासाठी चौकटीत एखादा माणूस उभा असू द्यावा.

अजिंठ्यातील चित्रांवर फ्लॅश मारण्यास मनाई आहे, आणि तशीही फ्लॅशने चित्रांतील खोली नाहीशीच होते. त्याऐवजी आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची संवेदनक्षमता, 1600 किंवा 3200 पर्यंत वाढवावा, झूम टाळून लेन्सचे ॲपर्चर (प्रकाश आत येण्याचे छिद्र) पूर्ण उघडे ठेवावे आणि कोपर अंगाला टेकवून, श्वास क्षणभर रोखून बटण हलकेच दाबावे. आयएसओ वाढवल्याने छायाचित्रात थोडे दाणे, म्हणजे बारीक ठिपके, दिसले तरी चालतात, हललेले छायाचित्र मात्र नंतर सुधारता येत नाही. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात कॅमेरा बंद गाडीत ठेवू नये, कारण उष्णतेने बॅटरी खराब होते.