पगारात किती किमतीचं घर झेपेल?

बँक किती कर्ज देईल आणि आपल्याला किती झेपेल, हे दोन वेगळे आकडे आहेत. घराचं बजेट पगारावरून काढायचंय ना, मग हातात पडणारा पगार धरा, कागदावरचा मोठा आकडा विसरा. त्याचे 30 टक्के काढा, त्यातून गाडीबिडीचा चालू हप्ता वजा करा. उरला तो घराचा हप्ता.

व्याज 9 टक्के आणि मुदत 20 वर्षं धरली, तर दर हजारामागे महिन्याला साधारण 9 रुपये हप्ता बसतो. म्हणजे दुसरं कर्ज नसेल तर मासिक पगाराच्या 33 पट कर्ज. मुदत ताणून 30 वर्षं केली तरी ते 37 पटच होतं, आणि व्याज मात्र मुद्दलाच्या जवळजवळ दुप्पट जातं. मला तरी हा सौदा पटत नाही.

या कर्जात बचत मिळवली की घराची किंमत आली. पण सगळी बचत नाही हं! सहा महिन्यांचा घरखर्च आणि नोंदणीचे पैसे आधी बाजूला काढा.

सही करण्याआधी रंगीत तालीम करा: होणाऱ्या हप्त्यातून सध्याचं भाडं वजा करून उरलेली रक्कम एक तारखेलाच वेगळ्या खात्यात टाकायची. वीस तारखेला त्यातच हात घालावा लागला, तर घर लहान बघा.