अंगावर टॅटू असेल तर जपानमध्ये ओनसेनला, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यांवरच्या स्नानगृहात, जाता येतं का?

जाता येतं, पण सगळीकडे नाही. टॅटू कायदेशीर असला तरी प्रवेश द्यायचा की नाही हे ओनसेनवालेच ठरवतात. मेइजी सरकारने १८७२ मध्ये घातलेली गोंदणबंदी १९४८ मध्ये उठली, गोंदणाऱ्याला डॉक्टरकीचा परवाना लागत नाही हेही सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. तरी पाठभर ड्रॅगन किंवा कोई मासा, म्हणजेच इरेझुमी हे पारंपरिक जपानी गोंदण, दिसलं की लोकांना याकुझा (जपानी गुंडांच्या टोळ्या) आठवतात. बांबूच्या दांड्याला सुया बांधून हाताने टोचत वर्षानुवर्षं पुरी होणारी ही कला, पण बदनाम! २०१५ च्या सरकारी पाहणीत सुमारे ५६ टक्के ठिकाणी टॅटूवाल्यांना मज्जाव होता. छोटा टॅटू असेल तर काही ठिकाणी वर पट्टी चिकटवली की चालतं. किनोसाकी या ओनसेनच्या गावातल्या सार्वजनिक स्नानगृहांत तर तेवढंही लागत नाही.