घरीच असलेल्या आजीला घरी जायचंय

सलाम.

तुझं पत्र दोनदा वाचलं. आजी स्वतःच्या घरात, स्वतःच्या खाटेवर, आणि सारखी म्हणतेय, "मला घरी न्या." त्यावर तू काय केलंस, तर मोबाइलवर ग्रीक कोश उघडलास. बायबलमधल्या २ करिंथ ५ मधला, म्हणजे पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातला 'एन्देमेओ' शोधलास, समोर 'घरी असणे' दिसलं, आणि आता मला विचारतेस, शरीर हे घर की परकं ठिकाण?

आधी वाक्य वाच, कोश मग. वर्गात हे किती वेळा सांगितलं असेन!

हे क्रियापद अख्ख्या नव्या करारात फक्त याच ठिकाणी, ६ ते ९ या वचनांत येतं. तीनदा. आणि तिन्ही वेळा त्याची जोडीदारीण सोबत असते : 'एक्देमेओ', म्हणजे बाहेर असणे. सहाव्या वचनात आपण शरीरात घरी, म्हणून प्रभूपासून बाहेर. आठव्यात नेमकं उलट, शरीरातून बाहेर आणि प्रभूजवळ घरी. शब्द तोच, पारडं बदललं. मग तुझं उत्तर एकट्या शब्दाच्या पोटात कसं सापडेल? नवव्यात तर पौल कुठलं घर तेही सांगत नाही. घरी असू नाहीतर बाहेर, प्रभूला आवडावं एवढीच धडपड, म्हणतो.

का चिडतो, तेही ऐक. पंचवीस वर्षांपूर्वी एका दफनविधीत याच वचनावर मी संदेश दिला. इंग्रजीतला 'एन्डेमिक' याच कुळातला, हे नुकतंच वाचलं होतं आणि त्यावर मी फार खूश होतो. म्हटलं, रोग जिथे मुक्कामाला असतो ते हे शरीर, भाड्याची खोली. खरं घर वर. आपल्या मराठीत माणूस 'देवाघरी' जातोच, त्यामुळे लोकांनी माना डोलावल्या. माती देऊन झाल्यावर गेलेल्या गृहस्थांच्या पत्नी माझ्यापाशी आल्या. हातांना माती तशीच. "पाळकसाहेब, म्हणजे ३१ वर्षं हे माझ्याकडे भाड्यानं होते का?"

मी काहीतरी बोललो. काय बोललो ते आठवतं, लिहिणार नाही.

वाक्य वाचलं असतं तर त्यांना द्यायला उत्तर होतं. शरीरात असण्यालाही पौल घरी असणंच म्हणतो. भाडं त्यात कुठेच नाही. पुढे हे उमगलं तेव्हा जाऊन सांगायला हवं होतं, असं तू म्हणशील. गेलो नाही. बदली झाली होती, शिवाय कारणं होती. आणि एक सांगतो, शब्दाचा मूळ धातू मी चुकवला नव्हता. चूक होती ती धातूवर संदेश उभारण्याची.

धातू काढलाच आहे तर नीट घे. यात 'घर' नाहीच. घर म्हणजे 'ओइकोस', त्या कुळातले शब्द पौलाने पहिल्या दोन वचनांत वापरलेत. इथे आहे 'देमोस' : लोक, गाव. इ.स.पू. ५०८च्या सुमारास क्लेइस्थेनिसने अथेन्सकरांची नोंद देमोसवार लावली. पुढच्या पिढ्या दुसरीकडे राहायला गेल्या तरी देमोस बापाचाच राहिला. मुंबईत जन्मलेल्या पोरालाही आपण "गाव कुठलं?" विचारतो, तसंच. लूकच्या शुभवर्तमानात, १५ मध्ये, धाकटा मुलगा दूरदेशी जातो, तिथे 'अपोदेमेओ'. पेन्टेकॉस्टच्या दिवशी यरुशलेमेत आलेल्या रोमकरांना 'एपिदेमेओ', परगावी मुक्कामाला असणे.

आणि पौलाने हे पत्र कोणाला लिहिलंय ते बघ. करिंथ रोमनांनी इ.स.पू. १४६ मध्ये उद्ध्वस्त केलेलं, सीझरने ४४ मध्ये परत वसवलेलं. तार्सचा पौल तिथे तंबू शिवत राहिला तो अक्विल्ला आणि प्रिस्किल्लेकडे, आणि त्या दोघांना रोम सोडावं लागलं होतं. गाव सुटलेल्यांच्या संगतीतला हा माणूस. त्याला 'देमोस' फुकाचा सुचला नसेल. (धातू नको म्हणत मीच किती वेळ बसलो बघ. पण मी आधी वाक्य वाचलंय.)

आणखी एक, जे कोशात 'एन्देमेओ'खाली शोधून मिळणार नाही. शरीराला पौलाने 'एन' लावलाय, आत. प्रभूला मात्र 'प्रोस' : जवळ, तोंड त्याच्याकडे. योहानाच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या वचनात 'शब्द देवाजवळ होता' म्हटलंय, तिथलाच 'प्रोस'. पंडिता रमाबाई केडगावला आयुष्याच्या अखेरीपर्यंत शास्त्र मूळ भाषांतून मराठीत आणत बसल्या होत्या. तू निदान चार वचनांतली शब्दयोगी अव्ययं तरी बघ.

आजीला वचन ऐकवू नकोस. "आजी, इथेच आहेस ना गं" असंही म्हणू नकोस, तिला ते माहीत आहे. विचार, "घरी कोण कोण आहे?" माझी आई शेवटी भावांची नावं घ्यायची, मधूनच एका गाईचं. मी तेव्हा तिला दुरुस्त करत होतो.

रविवारी येताना ६ ते ९ वचनं वहीत हाताने उतरवून आण. 'प्रोस'वरचा स्वराघात मागच्या खेपेला चुकवला होतास.