डबलसीटला मागून बसणारी तीनचाकी मोटारसायकल: प्रिलोड चढवण्याआधी तीन मापं घ्या

मागे कुणी बसलं की गाडी बसते, खड्ड्यात खालून धाडकन आवाज येतो, प्रिलोड (शॉकअपवरची रिंग फिरवून स्प्रिंगला आधीच दिलेला दाब) शेवटच्या खाचेपर्यंत नेला तरी आवाज थांबत नाही आणि आता एकट्याने चालवताना मागचं चाक टणाटण उडतं. तुमचं हे सगळं दुखणं माझ्या चांगल्या ओळखीचं आहे. टायरची हवा थंड असताना तपासलीय आणि गाडीची एकूण वजनमर्यादा वाचलीय, असं धरून पुढे लिहितो.

घोळ तुमच्या शेवटच्या खाचेत आहे. रिंग फिरवली म्हणजे स्प्रिंग कडक झाली, असं जवळजवळ सगळेच समजतात. तसं होत नाही. प्रिलोडने फक्त गाडीची मागची उंची वाढते. साधी एकसारख्या वेटोळ्यांची स्प्रिंग असेल तर दर मिलिमीटरला तिला लागणारा जोर पहिल्या खाचेत जितका, तितकाच शेवटच्या खाचेत.

आकड्यांत बघा. समजा स्प्रिंग ६० न्यूटन प्रति मिमी आहे आणि शॉकअप १ मिमी दबला की चाक २ मिमी वर येतं. मग चाकापाशी ताकद उरते ६० भागिले ४, म्हणजे १५. गुणोत्तराचा वर्ग होतो (२ चा वर्ग ४), हे विसरू नका. मागे ७० किलोचा माणूस बसला आणि त्याचं ८० टक्के वजन मागच्या चाकावर आलं, तर सुमारे ५५० न्यूटन. गाडी साधारण ३७ मिमी बसणार. ती भरून काढायला रिंग १८ मिमीपेक्षा जास्त खाली न्यावी लागेल. दीड मिमीचे आटे असतील तर बारा पूर्ण फेरे! बहुतेक शॉकअपला तेवढी जागाच नसते. समजा असली, तरी एकटे बसाल तेव्हा शॉकअप पूर्ण उघडून वरच्या टोकाला टेकलेला असेल. चाकाला खाली उतरायला वाव नाही, म्हणून खोलगटात ते हवेत राहतं. पुढे दोन, मागे एक चाक असलेल्या गाडीत तेच ओढणारं चाक, त्यामुळे पकड नेमकी तिथे सुटते.

म्हणून आधी मोजा. मागच्या अॅक्सलच्या मध्यापासून सरळ वर बॉडीवर मार्करची खूण करा आणि तेवढं अंतर मोजा. पहिलं माप फ्रेमखाली जॅक लावून चाक लटकतं ठेवून. दुसरं गाडी स्वतःच्या वजनावर उभी असताना. तिसरं दोघं बसून, हेल्मेट-जॅकेटसह, डिकीत नेहमीचं सामान भरून, पाय फूटरेस्टवर. तीनचाकी पडत नाही, तेवढी इथे सोय. टेप तिसऱ्याने धरायची. शेवटची दोन मापं दोनदा घ्या: एकदा मागचा भाग दाबून हळू सोडल्यावर, एकदा उचलून हळू सोडल्यावर. सरासरी धरा, कारण बुश आणि सीलचं घर्षण आरामात ५-७ मिमी खोटं बोलतं. मागे दोन चाकं असतील तर डावं-उजवं वेगळं मोजा. पहिल्या मापातून दुसरं वजा केलं की नुसती गाडी किती बसते ते कळतं, तिसरं वजा केलं की दोघांना घेऊन किती बसते ते.

चाकाची एकूण चाल (वर-खाली होण्याचं पूर्ण अंतर) १०० मिमी असेल तर डबलसीट बसून ३० ते ३५ मिमी आणि नुसती गाडी १० ते १५ मिमी बसलेली असावी. आता निदान सोपं. दोघांना घेऊन ३३ मिमी जुळवल्यावर नुसती गाडी १-२ मिमीच बसत असेल, तर स्प्रिंग मऊ आहे. ती बदलायची, रिंग नाही. उलट नुसती गाडीच २०-२५ मिमी बसत असेल, तर स्प्रिंग गरजेपेक्षा कडक आहे.

हा दहा मिनिटांचा हिशेब न करता ‘सगळं नॉर्मल आहे, थोडा प्रिलोड वाढवला’ असं जॉबकार्डवर लिहून गाडी परत देणारी सर्व्हिस सेंटरं असतात. एकाने मला हेच तीनदा लिहून दिलं आणि तेवढ्यात बंप स्टॉपच्या (चाल संपताना शेवटचा धक्का झेलणाऱ्या) रबराचा चुरा झाला. नाव घेत नाही. टेप न काढता निदान सांगणाऱ्याच्या हाती शॉकअप देऊ नका, एवढंच.

रिंग फिरवायची तर चाक उचलून, आटे ब्रशने साफ करून, तेलाचा फवारा मारून, आधी चेकनट (रिंग जागेवर आवळून धरणारा नट) सैल करून. ॲल्युमिनियमच्या आट्यांत खडा अडकला की हुक पाना निसटतो आणि खाच चेपते. स्प्रिंग काढणं मात्र घरी नको; दाबलेली स्प्रिंग सुटली तर हात मोडते.

हवेचा शॉकअप असेल तर हातपंपच वापरा. आत हवा इतकी थोडी असते की कंप्रेसरचा एक झटका सील फोडू शकतो. किमान दाबाच्या खाली चालवलं तर रबरी पिशवी दुमडून चिमटते. मागच्या दोन चाकांच्या पिशव्या एकाच टी-जोडाने भरणं मला अजिबात पटत नाही. वळणावर बाहेरच्या पिशवीतली हवा आतल्या पिशवीत ढकलली जाते आणि गाडी अजूनच झुकते. दोन वेगळ्या नळ्या, दोन्हींत सारखा दाब.

प्रिलोड वाढवला तर रिबाउंडही (दबलेला शॉकअप परत उघडताना त्याला रोखणारं सेटिंग) एक-दोन क्लिक वाढवा, नाहीतर मागचा माणूस सीटवरून उचलला जातो. बेल्टवाल्या गाडीत बेल्टचा ताणही बघा. पुढची पुली, स्विंगआर्मचा (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचा) पिव्होट आणि अॅक्सल एका रेषेत येतात तिथे बेल्ट सर्वांत घट्ट असतो. चाक लटकतं ठेवून ताण जुळवला तर दोघं बसल्यावर बेल्ट जास्त ताणला जाऊन बेअरिंगवर जोर येतो. हेडलाइटचा झोतही दोघं बसूनच लावा.

हे सगळं मॅन्युअलच्या वर नाही. तुमच्या मॉडेलची मर्यादा वेगळी असेल तर तीच खरी. शॉकअपच्या दांड्यावर एक बारीक प्लास्टिक टाय सैलसर बांधा आणि डबलसीट फेरी मारून या. टाय रबराला चिकटलेला दिसला तर चाल पूर्ण संपतेय. मग तिन्ही मापं, टायची जागा आणि स्प्रिंगवर छापलेला आकडा इथे लिहा, म्हणजे किती कडक स्प्रिंग लागेल ते काढता येईल.