नवीन फ्लॅटच्या इंटरनेटच्या (लॅन) वायरिंगला कोणत्या प्रकारची केबल टाकायची: कॅट-5ई, कॅट-6 की कॅट-7?

कॅट-6 घ्या, शुद्ध तांब्याची. 'पुढचा विचार करून कॅट-7 टाका' असं दुकानदार म्हणेल, ते फार मनावर घेऊ नका.

तसं बघितलं तर कॅट-5ईसुद्धा 100 मीटरपर्यंत सेकंदाला 1 गिगाबिट (1000 एमबीपीएस) वेग आरामात देते. भिंतीत आधीच असेल तर उखडायची गरज नाही. पण नव्याने टाकताय, तर भावात थोडाच फरक पडतो आणि साधारण 55 मीटरपर्यंत कॅट-6 दहा गिगाबिटही पेलते. पूर्ण 100 मीटरला दहा हवं असेल तरच कॅट-6ए. ती जाड असते, भरलेल्या पाइपातून ओढताना घाम फुटतो. कॅट-7 ला अमेरिकेच्या टीआयए या मानक संस्थेने मान्यताच दिलेली नाही. कॅट-8 तर 30 मीटरची, डेटा सेंटरवाल्यांची.

मी आकड्याआधी तार बघतो. खोक्यावर 'सीसीए' (तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम) लिहिलं असेल तर तिथेच परत करा. काहीच लिहिलं नसेल तर एका तारेचं टोक ब्लेडने खरवडा. आत पांढरं चमकलं की समजा, ॲल्युमिनियमवर तांब्याचा नुसता मुलामा आहे. अशा तारेचा रोध जास्त. त्याच केबलवरून पीओईचा (नेटवर्क केबलमधूनच वीज घेणारा) कॅमेरा चालवलात तर दिवसभर ठीक वाटतो आणि रात्री त्याचे आयआर (अंधारात दिसण्यासाठीचे इन्फ्रारेड) दिवे लागले, की व्होल्टेज पडून रीस्टार्ट होत बसतो. मग लोक कॅमेरे बदलत राहतात!

भिंतीत सॉलिड (एकसंध) तारेची केबल आणि सॉकेटपासून लॅपटॉपपर्यंत स्ट्रँडेडची (बारीक तारांच्या पिळाची, लवचिक) तयार पॅच कॉर्ड, म्हणजे दोन्ही टोकांना प्लग असलेली छोटी केबल. लाइटच्या वायरच्या पाइपात ही केबल घुसवू देऊ नका. इलेक्ट्रिशियन 'काही होत नाही' म्हणेल, तरी वेगळा पाइप टाकून घ्या.

काम झालं की केबल टेस्टरवर केबलमधल्या आठही तारा (चार जोड्या) तपासा. इंटरनेटचा प्लॅन 300 एमबीपीएसचा आणि स्पीड टेस्ट 94-95 वर अडकलेली, ही तक्रार सारखी येते. 100 एमबीपीएसला दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. एक तार नीट बसली नाही की लिंक गपचूप 100 वर उतरते. राउटरला शिव्या घालण्याआधी दोन्ही टोकं पुन्हा क्रिंप करून (प्लग पक्कडीने दाबून बसवून) बघा.

आणि हो, सोसायटीच्या ऑफिसपासून दुसऱ्या विंगपर्यंत उघड्यावरून लाइन न्यायची असेल, तर तिथे तांबं नकोच. पावसाळ्यात जवळपास वीज पडली तर दोन्हीकडचे नेटवर्क स्विच (केबली जोडायचे डबे) जळतात. तेवढ्या तुकड्याला फायबर टाका, धातूची तार नसलेली.