टॅटूच्या कामावर घर चालेल का?

“मुलीला टॅटूचे काम शिकायचे आहे; त्यावर पोट भरेल का, आणि उद्या तिचे लग्न जमेल का?” ही काळजी घेऊन बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील पालक अलीकडे सल्ला विचारायला माझ्याकडे वारंवार येतात. ओळख पटू नये इतपत तपशील बदलून त्यांपैकी एका कुटुंबाविषयी लिहीत आहे.

खानापूर तालुक्यातील एक शेतकरी आपल्या मुलीला घेऊन आले होते. चित्रकलेची पदविका घेऊन ती बेळगावातील एका स्टुडिओत बिनपगारी शिकत होती. “परक्यांच्या अंगाला हात लावायचा, त्यात पगारही नाही. भावकीत काय सांगू, मॅडम?” असे वडिलांचे म्हणणे होते. गोंदण ही आपली जुनीच रीत आहे, असे सांगून त्यांना गप्प करता आले असते. परंतु त्यांची चिंता मिळकतीची आणि मुलीच्या सुरक्षिततेची होती, म्हणून तो दाखला मी टाळला.

मुलीला एवढेच विचारले, की तू कोणाला नकार देतेस? तिच्याकडे उत्तर तयार होते. अठरा वर्षांखालच्यांना ती परत पाठवते. शिवाय मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र असलेल्या या गावात सैन्यभरतीची तयारी करणारी पोरे गल्लोगल्ली असल्याने, मानेवर वाघ काढून मागणाऱ्या मुलाला ती आधी भरतीचे विचारते. कारण सैन्यात कायमचा टॅटू साधारणपणे कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूला आणि तळहाताच्या मागेच चालतो, इतरत्र असल्यास उमेदवार बाद होऊ शकतो. हातचे गिऱ्हाईक सोडणारी मुलगी धंदा बुडवील, असे वडिलांना वाटले; मला मात्र तिच्या धंद्याचे भांडवल तेच वाटले.

मग तिने पिशवीतून सरावाची कृत्रिम कातडी काढली. त्या कातडीवर कानडी आणि देवनागरी अक्षरे होती. एका ‘आई’तली ‘ई’ शाई पसरून जाड झाली होती. सुई मिलिमीटर-दीड मिलिमीटरपेक्षा फार खोल गेली की असे होते, हे तिने वडिलांना बोट ठेवून दाखवले. प्रत्येक गिऱ्हाइकाला नवी सीलबंद सुई लागते, हे तिला पाठ होते. हिपॅटायटिस बी लसीचे तिन्ही डोस मात्र पूर्ण व्हायचे होते. ते आधी पूर्ण करावेत, असे मी स्पष्ट सांगितले.

वडिलांनी एकदा स्टुडिओ पाहून यावे, मुलीने वर्षभर मेंदीची आणि फलक रंगवण्याची कामे घेत जमाखर्चाची वही ठेवावी, असे ठरले. शहरातील इतर कलाकारांना ती स्पर्धक समजून टाळत होती. आपल्याला न जमणारे काम त्यांच्याकडे पाठवायला लागल्यावर तिकडूनही बायकांच्या टॅटूची कामे तिच्याकडे येऊ लागली. कानडी मजकूर आता कन्नड शाळेतील एक शिक्षिका तपासून देतात, आणि त्यांची सही असलेला कागद समोर ठेवल्याशिवाय ती सुई लावत नाही. वहीतली जमा अजून खर्चाच्या थोडी मागे आहे. त्यामुळे मेंदीची कामे तिने सोडलेली नाहीत.