अस्तर काढलं, आता वंगण कुठून येणार?

मावशींनी पिशवीतून डिस्चार्ज कार्ड काढलं आणि एका शब्दावर बोट ठेवलं. ‘सायनोव्हेक्टमी’.

“मुलानं मोबाइलवर अर्थ बघितला,” सूनबाई म्हणाल्या, “तेव्हापासून आई रात्रभर जाग्याच. सांध्याचं अस्तरच काढलंय म्हणे.”

“मग वंगण कुठून येणार, ताई? चालताना टकटक वाजतं. म्हणजे कोरडाच पडलाय ना?” मावशींचे डोळे भरून आले. “समोरच्या वहिनींचंही ऑपरेशन झालं, त्यांचं नाही काढलं. माझंच का?”

गुडघा बदलण्याच्या ऑपरेशनला पाच आठवडे झाले होते. कोरडा सांधा घासू नये म्हणून त्या दिवसभर गुडघ्याखाली उशी घेऊन पडून राहत. गुडघा जेमतेम साठ अंश वाकत होता. अस्तर जाण्यापेक्षा मला याचीच काळजी वाटली.

मी कागदावर गुडघा काढला. सांध्याला आतून एक पातळ पडदा असतो, तो वंगण तयार करतो. निरोगी गुडघ्यात ते चमचाभरही नसतं. कूर्चेत, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत आवरणात, रक्तवाहिन्या नसतात, म्हणून तिचं पोषण याच वंगणातून होतं. पण मावशींची झिजलेली कूर्चा ऑपरेशनमध्ये काढून तिथं धातूचे भाग आणि मधे प्लास्टिकची चकती बसवली आहे. त्यांना पोषण लागत नाही. शिवाय अस्तर कधीच पूर्ण निघत नाही. उरलेल्या ऊतींतून काही आठवड्यांत, महिन्यांत नवं अस्तर धरतं आणि ओलावाही येतो. टकटक आवाज धातू प्लास्टिकवर टेकल्याचा.

वहिनींचा गुडघा वयानं झिजला होता. अशा गुडघ्यात सरसकट अस्तर काढून वेदना जास्त कमी होत नाहीत, उलट रक्तस्राव वाढतो, असं तुलनात्मक अभ्यासांत दिसलं आहे. म्हणून बरेच सर्जन ते ठेवतात. मावशींना मात्र चौदा वर्षांचा ऱ्हुमॅटॉइड संधिवात. त्यात हे अस्तरच सुजून जाड होतं आणि कूर्चा, हाड कुरतडतं. ते काढण्यामागे कारण होतं.

हे ऑपरेशनआधी कुणीतरी दोन मिनिटं बसून सांगायला हवं होतं. संमतीपत्रावर एक ओळ होती, सही घेतली, झालं. पाच आठवडे एक बाई घाबरून पडून राहिली, याचं मला फार वाईट वाटतं.

बोलता बोलता आणखी एक गोष्ट कळली. ‘रोगट अस्तर गेलं म्हणजे आजार गेला’ असं समजून त्यांनी संधिवाताच्या गोळ्या परत सुरूच केल्या नव्हत्या. आजार रोगप्रतिकारशक्तीचा, नुसत्या गुडघ्याचा नव्हे. बोटांचे सांधे पुन्हा सुजू लागले होते. गोळ्या कधी, किती सुरू करायच्या हे विचारायला त्यांना संधिवाततज्ज्ञांकडे पाठवलं.

त्याच दिवशी सर्जननाही दाखवलं. गुडघा गरम होता, म्हणून त्यांनी रक्त तपासून जंतुसंसर्ग नसल्याची खात्री केली. थोडी सूज आणि उष्णपणा तीन ते सहा महिने, कधी वर्षभरही राहतो. पण ताप आला, जखमेतून पाणी किंवा पू आला, लाली पसरली, पोटरी दुखून सुजली, तर त्याच दिवशी दाखवायचं. अचानक धाप लागली तर थेट तातडीच्या विभागात. सूनबाईंनी हे वहीत लिहून घेतलं.

गुडघ्याखालची उशी टाचेखाली गेली. व्यायामाआधी दुखण्याची गोळी, नंतर टॉवेलमध्ये गुंडाळून बर्फ. वाकणं वाढलं नाही तर भूल देऊन गुडघा वाकवावा लागेल, हेही सर्जननी स्पष्ट सांगितलं. मावशी घाबरल्या, पण दुसऱ्या दिवसापासून फिजिओथेरपिस्टला नाही म्हणाल्या नाहीत.

चार आठवड्यांनी आल्या तेव्हा वाकणं पंच्याण्णव अंशांवर होतं. खुर्चीत बसल्या, पिशवीतून तेच कार्ड काढलं आणि दुसऱ्या एका शब्दावर बोट ठेवलं. आम्ही तोही बसून वाचला.